‘थ्रिल’ला मराठीत शब्द नाही म्हणणाऱ्यांना

मागच्या महिन्यात नाशिकच्या पंचवटीत वाचणाऱ्या मंडळींच्या एका बैठकीत एक विधान ऐकलं आणि तेव्हापासून ते मनातून जात नाही. बोलणारे गृहस्थ जाणते, इंग्रजी आणि मराठी दोन्हींत मुरलेले. ते म्हणाले, ‘थ्रिल’ला मराठीत शब्द नाही. आनंदानं अंग थरथरावं हा अनुभवच आपल्या समाजाला फारसा ठाऊक नव्हता, म्हणून शब्द घडला नाही. आपल्याजवळ आहेत ते सगळे भीतीचे शब्द: थरकाप, धडकी, कापरं. रोमांच म्हणाल तर तो पोथीतला, बोलण्यात कुणाच्या येतो? तेव्हा आजची मुलं ‘थ्रिल वाटलं’, ‘एक्साइटेड आहे’ म्हणतात ते ठीकच आहे, त्यांच्याजवळ दुसरं काही नाही.

बऱ्याच माना डोलल्या. मीही त्या वेळी गप्प राहिले, याची खंत आहे, आणि म्हणून हे लिहिते आहे. रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर बसून हे बोललं गेलं, हे मला जास्त लागलं. कारण सुखानं थरथरणाऱ्या अंगाचं एक फार जुनं, फार नेमकं वर्णन याच पंचवटीत घडणाऱ्या प्रसंगाचं आहे. त्याकडे येतेच. आधी त्या इंग्रजी शब्दाची झडती घेऊ, कारण सगळी मदार त्याच्यावर आहे.

‘थ्रिल’ हा शब्द मुळात भावनेचा नाहीच. जुन्या इंग्रजीत ‘थिर्ल’ म्हणजे भोक, आणि त्यावरून आलेल्या क्रियापदाचा अर्थ भोक पाडणं, आरपार घुसणं. नाकपुडीला इंग्रजीत ‘नॉस्ट्रिल’ म्हणतात, त्याच्या शेपटाशी हेच ‘थिर्ल’ बसलेलं आहे: नाकाचं भोक. जिथे लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं आणि ज्या नाकावरून गावाला नाशिक म्हणतात अशी लोकश्रुती आहे, त्या गावात बसून आपण या शब्दाला मुजरा करतो आहोत. पुढे त्या क्रियापदातली अक्षरं जागा बदलून ‘थ्रिल’ झाली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस भाल्यासारखी भावना अंगातून आरपार जाते, असा अर्थ त्याला चिकटला. कुठली भावना? कुठलीही. शेक्सपिअरची ज्युलिएट औषधाची कुपी ओठाला लावण्याआधी हाच शब्द वापरते, तो शिरांतून जाणाऱ्या थंडगार भीतीसाठी. म्हणजे इंग्रजांचा हा लाडका शब्द तेव्हा आनंद आणि भय दोघांच्याही घरी पाणी भरत होता. आनंदाकडे तो जास्त झुकला तो नंतर. मग मराठी ‘थरार’ दोन्हीकडे वावरतो म्हणून त्याला भीतीचा शब्द ठरवून बाजूला का सारायचं?

‘आपले शब्द भीतीचे’ या वाक्याला याहून मोठं उत्तर ‘हर्ष’ या शब्दातच आहे. संस्कृतात हृष् या धातूचे दोन अर्थ शेजारी नांदतात: केस ताठ उभे राहणं आणि आनंद होणं. रोमहर्ष म्हणजे अंगावरचे केस उभे राहणं, आणि निव्वळ हर्ष म्हणजे आनंद. भाषांचं मूळ शोधणारे सांगतात की लॅटिनमधलं ‘होरेरे’, केस उभे राहणं, हे याच घराण्यातलं, एकाच पणज्याची दोन पणतवंडं. लॅटिनकडच्या शाखेतून इंग्रजीत ‘हॉरर’ आला. आपल्या शाखेतून हर्ष आला. उभ्या राहिलेल्या केसांकडे बघून त्यांच्या भाषेला भीती आठवली आणि आपल्या भाषेला सुख आठवलं. आम्हाला आनंदाची थरथर ठाऊक नव्हती म्हणणाऱ्यांनी मुलाचं नाव हर्षद किंवा मुलीचं हर्षदा ठेवताना हे एकदा मनात आणावं.

आता पंचवटी. आठव्या शतकातला भवभूती, विदर्भातल्या पद्मपूरचा, ‘उत्तररामचरित’ लिहितो. त्याचा तिसरा अंक इथे, गोदेच्या काठच्या या वनात घडतो. सीतेला टाकून बारा वर्षं झाली आहेत. राम पुन्हा या जागी येतो आणि जुनी झाडं, जुने दगड पाहून कोसळतो. सीता तिथेच आहे, पण अदृश्य. त्याला ती दिसत नाही. मूर्च्छित रामाला ती हात लावते, त्या स्पर्शानं तो सावध होतो. आणि सीतेचं काय होतं? तिच्या सोबतीला असलेली तमसा नदी ते पाहते आणि सांगते: घाम, रोमांच आणि कंप, तिन्ही एकाच अंगावर, आणि कारण एकच, प्रियस्पर्शाचं सुख. मग भवभूती उपमा देतो ती पावसाळ्यातली. पहिल्या सरीनं भिजलेली, वाऱ्यानं हललेली, अंगभर कळ्या फुटलेली कदंबाची फांदी. थरथर म्हणजे वारा, घाम म्हणजे पाऊस, काटा म्हणजे कळ्या. शरीरातल्या तीन घडामोडी झाडावर अशा बसवल्या आहेत की एकही सुटत नाही. इथे भीतीचा लवलेश नाही. त्यागलेल्या बाईचं दुःख आहे, राग आहे, आणि त्या सगळ्याला न जुमानता अंगावर उमटलेलं सुख आहे. ‘थ्रिल’ या एका शब्दात यातलं काय मावेल?

हे संस्कृत झालं, मराठी कुठे, असं विचारतील. भरताच्या नाट्यशास्त्रानं आठ सात्त्विक भाव मोजले: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. वेपथु म्हणजे थरथर. ही यादी नटांसाठी होती. मराठीनं ती नटांकडून उचलून भक्ताच्या अंगावर घातली. गावोगावचे कीर्तनकार आजही ‘अष्टसात्त्विक भाव दाटून आले’ म्हणतात आणि ओट्यावर बसलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीला ते कळतं. पंढरीच्या वाटेवर विठ्ठलाचा कळस दिसला की अंगात काय होतं ते सांगायला तिला परभाषेतला शब्द लागला नाही. पोथीतला शब्द म्हणून त्याला हिणवायचं असेल तर खुशाल हिणवा, पण ही पोथी सातशे वर्षं ऐकली जाते आहे, आणि ऐकलेला शब्द बोलीचाच असतो.

तरी रोमांचाचा मुद्दा मी अर्धा मान्य करते. स्वयंपाकघरात ‘मला रोमांच आले’ असं कुणी म्हणत नाही. म्हणतात, ‘अंगावर सर्रकन काटा आला.’ माझी आजी रेडिओवर एखादी तान ऐकून हातावरची लव दाखवायची: ‘बघ, काटा.’ तेवढंच. एक शब्द. तो भीतीलाही चालतो, थंडीलाही, गाण्यालाही, आणि कुठल्या कारणानं आला हे वाक्यानं सांगायचं असतं. शरीरशास्त्रही याहून वेगळं सांगत नाही. केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू असतो, तो आखडला की केस उभा राहतो. थंडी असो, वाघ असो की गाणं असो, स्नायू तोच.

माझा खरा वाद इथे सुरू होतो. ते गृहस्थ एका शब्दासमोर एक शब्द ठेवायला निघाले आणि जोडी जमली नाही म्हणून मराठीला दरिद्री ठरवून मोकळे झाले. मराठी या अनुभवाला एक नाव देत नाही, कारण ती आधी विचारते, कुठे? कातडीवर असेल तर काटा किंवा शहारा. छातीत असेल तर धडधड, आणि तिच्यात काळजी मिसळली की धाकधूक. काळजात असेल तर लकाकणं. पोटात असेल तर गोळा. जत्रेतला आकाशपाळणा वरून खाली येताना येतो तो गोळा, त्यात भीती किती आणि मजा किती हे पाळण्यात बसलेल्यालाही सांगता येत नाही. दंडांत असेल तर स्फुरण. पायांत असेल तर ते जमिनीवर ठरत नाहीत. मनातल्या मनात आणि लपवलेलं असेल तर उकळ्या फुटतात. गळ्यात असेल तर उत्कंठा: उत् आणि कंठ, मान उंचावून बघणं. चैत्रात कामदा एकादशीला काळारामाचा रथ निघतो तेव्हा पंचवटीच्या गल्ल्यांत शेकडो माना जशा उंचावतात, अगदी तशी. रथ अजून वळणाआड आहे, आधी गरुडरथ दिसेल, मग रामरथ, आणि कडेवरची पोरंसुद्धा मान ताणून बसलेली. ‘उत्कंठा’ कशी दिसते हे पाहायचं तर तिथे पाहावं.

आणि व्याकरण पाहा. इंग्रज म्हणतो ‘आय ॲम थ्रिल्ड’, म्हणजे मला भेदलं गेलं. कुणीतरी बाहेरून भाला मारला आणि मी त्याचं लक्ष्य. मराठीत काटा येतो, हुरहूर लागते, उकळ्या फुटतात, ऊर भरून येतो. वाक्यात माणूस कर्ता नसतो. काटा, हुरहूर, ऊर हेच कर्ते. ती गोष्ट आपल्या आपण उमटते, पिकासारखी, आणि आपण तिचं शेत असतो. म्हणून ‘मी खूप एक्साइटेड आहे’ या वाक्याचं मराठी करायला बसलं की हात अडतो. तिथे विशेषण शोधणारा ‘उत्तेजित’वर येऊन थांबतो. मोबाइलवरच्या जाहिरातींत, कंपन्यांच्या पत्रांत हल्ली ‘आम्ही आपल्या भेटीसाठी उत्तेजित आहोत’ असली वाक्यं सर्रास दिसतात. मराठी घरात हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवायची सोय नाही, कारण ‘उत्तेजित’ला वासनेचा वास लागला आहे, तो आजचा नव्हे. आणि वासना बाजूला ठेवली तरी तो शब्द जमाव चिथावण्याचा आहे, वाट पाहण्याचा नाही. यावरून मराठीत शब्द नाही असं ठरवणाऱ्यानं आपल्याच घरी नीट कान दिलेला नाही. प्रत्येक मराठी मूल रोज बोलतं ते वाक्य असं आहे: ‘कधी एकदा शनिवार येतो असं झालंय.’ यात त्या भावनेचं विशेषण नाही, नाम नाही. ‘कधी एकदा’ आणि ‘असं झालंय’ यांच्या मध्ये ती सगळी थरथर पकडलेली आहे. शब्दकोशात ‘एक्साइटेड’समोर हे वाक्य छापलेलं नसतं, त्याला मराठी काय करणार?

शब्दकोशांचं नाव निघालंच आहे तर सांगते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. यांपैकी कुठलाही कोश उघडून ‘थ’ आणि ‘ध’ची पानं चाळावीत. थरथर, थरकाप, धडधड, धडकी, धडपड: हलण्याच्या, कापण्याच्या, आदळण्याच्या आवाजांवर घडलेले शब्द ओळीनं भेटतात. मोल्सवर्थसारख्या परदेशी माणसानं ते गोळा केले आणि ज्यांची ती मायबोली, ते शब्द नाहीत म्हणतात.

रहाडीची गोष्ट मी मुद्दाम राखून ठेवली होती. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: रंगपंचमीला या गावात पेशवाईपासून चालत आलेल्या रहाडी उघडतात. रहाड म्हणजे चौकात जमिनीखाली बांधलेला दगडी हौद. वर्षभर तो झाकलेला असतो, वरून माणसं, गाड्या जातात, खाली काय आहे याचा पत्ताही लागत नाही. रंगपंचमीच्या आधी तो उकरून साफ करतात, रंगाचं पाणी भरतात, पूजा होते आणि मग उड्या सुरू होतात. त्या उडीला नाव आहे धप्पा. जुन्या नाशकात तिवंधा चौकात रहाड आहे, दिल्ली दरवाजाला आहे, आणि आमच्या पंचवटीत शनी चौकात. लहानपणापासून मी ते कठड्यावरून पाहत आले आहे. पाण्यात पडलेल्याचा जल्लोष सगळे पाहतात. मी पाहते तो काठावरचा क्षण. पोरगा काठाशी येतो. मागून ओरडा चालू असतो. खाली रंगाचं पाणी, तळ दिसत नाही. त्याच्या पोटऱ्या लटलटतात. दात एकमेकांवर आपटतात, पाणी गार नसतानाही. तो हसतो आहे आणि मागेही सरकतो आहे. कुणीतरी म्हणतं, ‘काय रे, कापरं भरलं?’ इथे ‘कापरं’ हा भीतीचा शब्द आहे का? त्या चौकात उभं राहून सांगा. तो चिडवण्याचा शब्द आहे, प्रेमाचा आहे, आणि ज्याला विचारला त्यालाही माहीत आहे की आपल्याला भीती आणि मजा एकदमच झाली आहे. मग तो नाक धरतो, आणि धप्पा.

असंच दुसरं ठिकाण म्हणजे पूर. आम्ही पंचवटीकर गोदावरीला गंगा म्हणतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बातमी कानोकानी फिरते: गंगेला पूर आलाय, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय. नदीपात्रातल्या त्या मूर्तीवर गुडघा, कंबर, छाती, गळा अशी पुराची मोजणी चालते. २००८ आणि २०१६ च्या पुरांत ज्यांनी ती मोजणी ऐकली त्यांना ती विसरता येणार नाही. लोक छत्र्या घेऊन पुलावर जातात, पोलीस हाकलतात, पुन्हा जातात. काठच्या दुकानदाराला धाकधूक, त्याचं सामान वाहून जाणार. पुलावरच्या बघ्याच्या पोटात गोळा. घाटावरच्या देवळात रोज दिवा लावणाऱ्या बाईला हुरहूर, देऊळ बुडालं असेल, दिवा चुकला. एकच पाणी, तीन माणसं, तीन शब्द, आणि पंचवटीत कुणी या तिघांची अदलाबदल करणार नाही. ‘थ्रिल’ त्यातल्या एकालाच लागू पडेल. तोही बघ्याला.

विरुद्ध बाजूची एक गोष्ट मात्र खरी आहे आणि तिचं मला दुःख आहे. ‘थरार’ हा शब्द आपण स्वतः नासवला आहे. वृत्तपत्रांचे मथळे पाहा: भररस्त्यात खुनाचा थरार, दरोड्याचा थरार, अपघाताचा थरार. कुणाचा तरी मुलगा मेला आहे आणि मथळा वाचकाला मजेचं आमिष दाखवतो. बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळा पहाड घेऊन हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि दोन-तीन पिढ्यांनी त्या कंदिलाच्या उजेडात वाचल्या. तिथला थरार वाचकानं आपणहून मागितलेला होता, तो कुणाच्या चितेवर शेकलेला नव्हता. आनंदाच्या थरथरीला समाज मुकला होता म्हणणाऱ्यांनी त्या पुस्तकांची विक्री आठवावी, आणि ‘थरार’ भीतीचा झाला म्हणणाऱ्यांनी तो कुणी केला हे विचारावं. भाषेनं केला नाही. रोजच्या मथळ्यांनी केला.

उलट्या दिशेचाही धोका आहे. प्रत्येक उसळत्या क्षणाला एकच झगमगीत शब्द लावला की क्षणाची प्रत जाते. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नेतृत्व, दादासाहेब गायकवाड आघाडीला, मंदिराचे दरवाजे बंद, आणि समोर हजारो माणसं, ज्यांना त्या पायरीला हात लावायची बंदी होती. पुढे पाच वर्षं तो लढा चालला. त्या माणसांच्या अंगातही कंप उठला असेल. त्याला ‘सत्याग्रहाचा थरार’ म्हणणारा मथळा मी वाचला आहे आणि मला तो सहन झाला नाही. मराठीत त्यासाठी ‘स्फुरण’ आहे. स्फुर् म्हणजे कापणं, फुरफुरणं. दंड स्फुरतात, आणि त्याच धातूपासून स्फूर्ती येते. थरथरण्यातूनच बळ येतं, हे ज्या भाषेनं एका धातूत सांगून ठेवलं, तिला या अनुभवाचं नाव ठाऊक नाही म्हणणं अन्यायाचं आहे.

उसने शब्द घेण्याला माझा विरोध नाही. टेबल, बटाटा, हजार, दुकान, सगळे बाहेरून आले आणि घरचे झाले. इंग्रजांनीही अंगावर उठणाऱ्या शिरशिरीसाठी फ्रेंचांकडून ‘फ्रिसाँ’ घेतलाच. मुलांनी ‘थ्रिल’ म्हणावं, मी कुणाच्या तोंडावर हात ठेवणार नाही. माझी हरकत त्या कारणाला आहे. ‘आवडला म्हणून घेतला’ हे कारण मला चालतं. ‘आपल्याकडे नव्हता म्हणून घ्यावा लागला’ हे चालत नाही, कारण ते खोटं आहे, आणि खोटं कारण सांगून घेतलेला शब्द घरातल्या दहा शब्दांना बाहेर काढतो. ‘पोटात फुलपाखरं उडतात’ असं हल्लीच्या मालिकांतली नायिका म्हणते. ही फुलपाखरंही इंग्रजीतून जशीच्या तशी उडत आली. त्यांनी गोळ्याला हुसकावलं, हुरहुरीला हुसकावलं, आणि प्रेमात पडलेल्या मराठी मुलीला आपल्या पोटात आपल्याच भाषेत काय होतं हे सांगायची सवय मोडली.

त्या गृहस्थांना माझं आमंत्रण आहे. येत्या रंगपंचमीला शनी चौकात यावं. गेल्या खेपेला माझा भाचा, वय वर्षं अकरा, पहिल्यांदा काठावर उभा होता. मी विचारलं, कसं वाटतंय रे? तो म्हणाला, ‘मावशी, फुल थ्रिल.’ मी विचारलं, कुठे? तो थांबला. आधी छातीवर हात नेला, मग खाली आणला, बेंबीशी ठेवला. ‘इथे,’ म्हणाला, ‘गोळा आलाय. आणि हे बघ, काटा.’ मी त्याचा दंड पाहत होते तोवर त्यानं नाक धरलं होतं.